घरून काम केलं की १३ टक्के काम वाढतं, हे अर्धंच खरं

वर्क फ्रॉम होमवर वाद निघाला की जो तो आपला अनुभव सांगून मोकळा होतो. पण शांघायच्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीने कोरोनाच्या कितीतरी आधी, २०१० च्या डिसेंबरमध्येच, याचा रीतसर प्रयोग करून बघितला होता. शहरात ऑफिसची भाडी वाढत चाललेली, कॉल सेंटरमधली माणसं सारखी सोडून जात होती, आणि कंपनीचे एक संस्थापक जेम्स लियांग नेमके तेव्हा स्टॅनफर्डला पीएचडी करत होते, मग तिथल्याच निकोलस ब्लूम या अर्थशास्त्रज्ञाबरोबर हे जमून आलं.

आधी फक्त विचारलं, कोणाला घरून काम करायचंय? निम्म्याच लोकांनी हात वर केला (सगळेच करतील असं वाटतं ना?). त्यातून ज्यांच्याकडे घरी वेगळी खोली, ब्रॉडबँड आणि थोडाफार जुना अनुभव होता असे २४९ जण निवडले आणि जन्मतारखेवरून चिठ्ठी काढली, सम तारीखवाले आठवड्याचे ४ दिवस घरी, विषमवाले ऑफिसात. ही चिठ्ठी महत्त्वाची, कारण नुसतं 'घरी बसणारे' आणि 'ऑफिसला जाणारे' यांची तुलना केली असती तर मुळातच मेहनती लोक एका बाजूला जमलेत की काय ही शंका राहिलीच असती.

९ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्के जास्त भरलं. पण ते आलं कुठून बघा, त्यातले ९ टक्के तर शिफ्टमध्ये जास्त मिनिटं काम झालं म्हणून, ब्रेक कमी, आजारपणाच्या रजा कमी. दर मिनिटाला जास्त कॉल घेतले जाण्याचा वाटा फक्त ४ टक्के. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं, पण कामगिरी तेवढीच असूनसुद्धा घरून काम करणाऱ्यांना प्रमोशन कमी मिळालं. साहेबाच्या नजरेसमोर असणं बहुतेक मोजलं जातंच.

खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. प्रयोग संपल्यावर कंपनीने सगळ्यांना म्हटलं, आता तुमचं तुम्ही ठरवा, तर निम्म्याहून जास्त लोकांनी आपला निर्णय बदलला. घरी बसलेले बरेच जण परत ऑफिसला आले, मुख्य तक्रार एकटेपणाची. आणि ज्याला जे जमतं ते त्याने निवडल्यावर घरून कामाचा फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला! म्हणजे १३ टक्के ही सरासरी होती, तिच्यात खुललेले आणि कोमेजलेले दोघेही होते.

याच कंपनीत २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर पुन्हा प्रयोग झाला, यावेळी आठवड्यातले २ दिवस घरून. कामगिरीवर किंवा प्रमोशनवर काही फरक पडला नाही, राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले, त्यातही बायका आणि लांबून येणाऱ्यांचे जास्त. गंमत मॅनेजरांची, सुरुवातीला त्यांचा सरासरी अंदाज होता की काम २.६ टक्क्यांनी घसरेल, आणि प्रयोग संपेपर्यंत तेच १ टक्का वाढतं म्हणायला लागले होते.