बर्लिनचं ऑलिंपिक स्टेडियम आणि म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम

दोन्ही जर्मनीत, दोन्हींचं नाव एकच, दोन्हीकडे ऑलिंपिक झालं आणि फुटबॉल विश्वचषकाची फायनलही. मग गल्लत होणारच. फ्रान्सच्या झिदाननं इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोकं आपटलं ती २००६ ची फायनल बर्लिनची. बेकेनबाउअरच्या पश्चिम जर्मनीनं क्रायफच्या हॉलंडला २-१ हरवलं ती १९७४ ची म्युनिकची. रात्री लाल दिव्यांनी उजळणारं बायर्न म्युनिक या फुटबॉल क्लबचं मैदान या दोन्हींपैकी नव्हे. ते आलियान्झ अरेना.

बर्लिनचं स्टेडियम वास्तुविशारद वेर्नर मार्च यानं १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं. त्याच जागी आधी त्याच्या वडिलांचं, ओटो मार्च यांचं स्टेडियम होतं. ते १९१६ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेलं, पण पहिल्या महायुद्धामुळे ती स्पर्धाच झाली नाही. नवं स्टेडियम म्हणजे हिटलरच्या राजवटीचं दगडी शक्तिप्रदर्शन होतं. तिथंच अमेरिकेचा कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्सनं चार सुवर्णपदकं जिंकली. (ध्यानचंद यांच्या संघानं जर्मनीला ८-१ हरवलं ते मात्र याच संकुलातल्या वेगळ्या हॉकी स्टेडियममध्ये.)

म्युनिकला १९७२ मध्ये नेमकी हीच आठवण पुसायची होती. वास्तुविशारद ग्युंटर बेह्निश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या विमानतळाच्या माळावर, युद्धातल्या ढिगाऱ्यांपासून झालेल्या टेकडीशेजारी स्टेडियम जमिनीतच बसवलं. वर वास्तुविशारद फ्राय ओटो यांच्या कल्पनेतून आलेलं, पोलादी दोरखंडांवर ताणलेलं पारदर्शक छत. पण त्या मोकळ्याढाकळ्या वातावरणालाच तडा गेला: क्रीडाग्रामात शिरलेल्या दहशतवाद्यांच्या हल्ल्यात इस्रायली संघातले ११ जण मारले गेले. त्यांची शोकसभा याच स्टेडियममध्ये झाली.

खरी गंमत नूतनीकरणात आहे. नाझींची वास्तू जपायची, तरी तिथं आधुनिक फुटबॉल खेळवायचा, हा बर्लिनपुढचा पेच. २००० ते २००४ या काळात गेर्कान, मार्ग आणि सहकारी या वास्तुविशारदांनी तो सोडवला. काम चालू असतानाही हेर्था बर्लिन या फुटबॉल क्लबचे सामने तिथं होत राहिले. मैदान अडीच मीटरहून जास्त खाली नेलं, म्हणजे प्रेक्षक खेळाजवळ आले. छत मात्र पूर्ण वर्तुळ करता येईना, कारण मॅरेथॉन दरवाजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोकळ्या खिंडीतून स्टेडियमबाहेरच्या घंटामनोऱ्याकडे जाणारी नजर अडवायची नव्हती. वर्तुळ तुटलं की छताला स्वतःचा आधार उरत नाही, म्हणून प्रेक्षकांमध्येच २० बारीक पोलादी खांब उभे करावे लागले. एखाद्या रांगेतून खांब आडवा येतो, पण मला ही तडजोड प्रामाणिक वाटते. धावपट्टी निळी केली. २००९ मध्ये उसेन बोल्टनं त्याच पट्टीवर १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केलं.

म्युनिकमध्येही स्टेडियम फुटबॉलसाठी बदलण्याचा विचार झाला. पण बेह्निश यांच्या रचनेत छत, बैठका आणि उतार एकमेकांत इतके गुंतलेले की एकाला हात लावला तर सगळंच बिघडणार. शेवटी बेत बारगळला आणि २००१ च्या सार्वमतात नागरिकांनी नव्या स्टेडियमला कौल दिला. २००५ मध्ये बायर्न आणि ‘१८६० म्युनिक’ हे दोन्ही क्लब निघून गेले. हुकूमशाहीचं दगडी स्टेडियम बदल पचवून गेलं आणि लोकशाहीचं पारदर्शक स्टेडियम मात्र जसंच्या तसं ठेवावं लागलं, हा योग काही साधा नाही.

आज जर्मन कप या फुटबॉल स्पर्धेची फायनल दर वर्षी बर्लिनमध्येच होते, २०२४ च्या युरो स्पर्धेचीही तिथंच झाली. म्युनिकच्या स्टेडियममध्ये मैफली होतात, आणि तिकीट काढलं तर त्या छतावर चढून फिरताही येतं. बर्लिनचं काम झालं तरी एक तक्रार उरलीच: धावपट्टीमुळे प्रेक्षक गोलपासून लांब राहतात, म्हणून हेर्थाला कित्येक वर्षांपासून फक्त फुटबॉलचं, स्वतःचं स्टेडियम हवं आहे.