अंधाराचे आणि पांढऱ्या पडद्याचे फोटो कशासाठी? सीसीडी कॅमेऱ्याच्या दिनक्रमाची पार्श्वभूमी

दुर्बिणीला लावलेला सीसीडीचा, म्हणजे प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीचा, वैज्ञानिक कॅमेरा पहिल्यांदा हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातली निम्मी कामे कोड्यात टाकतात. सूर्य मावळण्याआधीच कॅमेरा शून्याखाली साठ-ऐंशी अंशांपर्यंत थंड करायचा, तोही सावकाश. शटर बंद ठेवून शून्य सेकंदांचे फोटो काढायचे. मग शटर बंदच ठेवून पाच-दहा मिनिटे अंधाराचे फोटो काढायचे. त्यानंतर सारख्या उजेडातल्या पांढऱ्या पडद्याचे, किंवा संधिप्रकाशातल्या रिकाम्या आकाशाचे. या सगळ्यानंतर पहिला तारा. हा दिनक्रम कुणी एकाने टेबलाशी बसून आखलेला नाही. त्यातले प्रत्येक काम एकेका ठरावीक अडचणीतून आले आहे. ती अडचण ठाऊक असेल, तर कुठले काम कधीच टाळायचे नाही आणि कुठले यंत्र बदलल्यावर बदलायचे, हे आपोआप समजते. म्हणून हा इतिहास सांगायचा.

सुरुवात काचेच्या प्लेटपासून, म्हणजे प्रकाशाने काळे पडणाऱ्या रसायनाचा थर दिलेल्या काचेपासून, करावी लागते. १८८२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी एका तेजस्वी धूमकेतूचे फोटो काढले. धूमकेतूमागे उमटलेल्या ताऱ्यांची संख्या पाहून, आकाशाचा नकाशा फोटोवरून करता येईल हे त्यांच्या लक्षात आले. १८८७ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेतले. पुढे या कामात हैदराबादची निजामिया वेधशाळाही सामील झाली. आपल्याकडे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगर संस्थानाच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तिथेच उतरले होते. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा तळ विजयदुर्गावर होता. (किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना १८६८ च्या ग्रहणाची आणि हेलियमच्या शोधाची गोष्ट सांगितली जाते. पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ मध्ये. किल्ल्याचे महत्त्व त्याने तसूभरही कमी होत नाही, तेव्हा खरी तारीखच सांगावी.)

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात प्लेटा बदलायच्या, आणि चूक झाली तर दुसरी संधी नाही. वैज्ञानिक छायाचित्रणातली काटेकोर तयारी अशा प्रसंगांतून आली. प्लेटमध्ये मात्र दोन मूळचे दोष होते. तिच्यावर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी साधारण एकाचीच नोंद होई. आणि प्रकाश दुप्पट झाला म्हणून काळेपणा दुप्पट होत नसे. उद्भासन, म्हणजे प्रकाश पडू देण्याचा वेळ, लांबले की प्लेट आणखी मंद पडे. शिवाय प्रत्येक घाण्यातले रसायन थोडे वेगळे. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे निरीक्षक प्लेटच्या कोपऱ्यात ज्ञात तीव्रतेचे ठिपके उमटवून ठेवत, म्हणजे नंतर त्या मापाने तारे मोजता येत. आधी यंत्र मोजायचे आणि मग आकाश, ही शिस्त सीसीडीच्या कितीतरी आधीची आहे.

सीसीडीचा जन्म मात्र फोटोसाठी झालाच नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ संगणकाच्या स्मृतीसाठी नवे साधन शोधत होते. सिलिकॉनच्या पृष्ठाखाली विद्युतभाराची पुंजकी साठवायची आणि व्होल्टेज बदलत ती शेजारच्या घरात सरकवायची, ही कल्पना त्यांनी तासाभराच्या चर्चेत फळ्यावर मांडली. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात, त्यामुळे हीच रचना चित्रासाठी वापरता येईल हे लगेच ध्यानात आले. तिला प्रत्यक्ष चित्रग्राहकाचे रूप देण्यात त्याच प्रयोगशाळेतल्या मायकेल टॉम्पसेट यांचा वाटा फार मोठा. २००९ चे नोबेल बॉयल आणि स्मिथ यांना मिळाले, टॉम्पसेट यांना नाही. माझ्या मते ही उणीव इतिहास सांगणाऱ्याने प्रत्येक वेळी नोंदवायला हवी.

स्लॅब टाकताना मजुरांची रांग घमेली हातोहात पुढे देते, तसे सीसीडीत होते. उद्भासन संपले की प्रत्येक ओळीतला भार पुढच्या ओळीत जातो. शेवटच्या ओळीतला भार एकेक पिक्सेल करत कोपऱ्यातल्या एकाच प्रवर्धकापाशी, म्हणजे संकेत मोठा करणाऱ्या परिपथापाशी, पोचतो आणि तिथे मोजला जातो. एकाच ठिकाणी मोजणी हे सीसीडीचे मोठे बळ, कारण सगळे पिक्सेल एकाच मापाने मोजले जातात. पण रांगेत एक जरी घर अडले, तरी त्याच्या मागचा सगळा स्तंभ बिघडतो.

फेअरचाइल्ड कंपनीने १०० गुणिले १०० पिक्सेलची सीसीडी बाजारात आणली. १९७५ मध्ये कोडॅकचे स्टीव्हन सॅसन यांनी तीच वापरून हातात धरता येणारा पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. खगोलशास्त्राकडे सीसीडी वळली ती नासाच्या गरजेतून. गुरूकडे जाणारे यान आणि अवकाशात सोडायची दुर्बीण, दोन्हींना प्लेटा परत आणण्याची सोय नव्हती. जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेचे जेम्स जेनेसिक टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या सीसीडी तपासत होते. १९७६ मध्ये ॲरिझोनातल्या माउंट बिगेलोवरील ६१ इंची दुर्बिणीला ४०० गुणिले ४०० पिक्सेलची सीसीडी लावून युरेनस आणि नेपच्यूनचे वेध घेण्यात आले. ब्रॅडफर्ड स्मिथ यांच्यासारख्या ग्रहशास्त्रज्ञांना तिथेच पटले की प्लेटचे दिवस भरले.

आता त्या दिनक्रमाकडे येऊ. पहिली अडचण उष्णतेची. सिलिकॉनला इलेक्ट्रॉन सोडायला प्रकाशच लागतो असे नाही. नुसत्या उष्णतेनेही ते सुटतात, आणि कुठला इलेक्ट्रॉन ताऱ्याचा व कुठला उष्णतेचा हे नंतर सांगता येत नाही. दर सहा-सात अंशांना हा गळका प्रवाह साधारण दुप्पट होतो. त्यामुळे साठ अंशांनी थंड केले, तर तो काही शे पटींनी घटतो. पण थंड वस्तूवर दव धरते, म्हणून सेन्सर निर्वात किंवा कोरड्या वायूने भरलेल्या कोठडीत बंद करावा लागला. निर्वातही हळूहळू सुटतो, म्हणून कोठडीत ओल आणि वायू शोषणारे द्रव्य ठेवावे लागले. ते द्रव्य संपृक्त झाले की भट्टीत तापवून पुन्हा कोरडे करायचे किंवा पंप लावून निर्वात नव्याने साधायचा. देखभालीच्या वेळापत्रकातल्या निम्म्या नोंदी या एकाच कारणाच्या आहेत. जुन्नरजवळच्या गिरवलीला २००६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या २ मीटर दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यातली २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलची सीसीडी द्रव नायट्रोजनवर थंड होते. म्हणजे उणे १९६ अंशांचे द्रव सह्याद्रीच्या डोंगरावर नेऊन वेळच्या वेळी भरायचे, हा तिथल्या कामाचा भागच आहे. छोट्या कॅमेऱ्यांत विजेवर चालणारा थर्मोइलेक्ट्रिक कूलर असतो. त्याची मागची बाजू तापते, तेव्हा पंखा किंवा पाणी हवे. सावकाश थंड करण्याचे कारण साधे आहे. सिलिकॉन, त्याखालचा सिरॅमिक आणि जोडणीचा धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. घाई केली की ताण येतो.

थंड केल्यावरही थोडा गळका प्रवाह उरतो, आणि काही पिक्सेलमध्ये इतरांपेक्षा फार जास्त असतो. अंधाराचे फोटो त्यासाठी. ते शक्यतो खऱ्या फोटोइतक्याच वेळेचे (सीसीडीत एक लांब फोटो वेळेच्या प्रमाणात गुणूनही घेता येतो) आणि त्याच तापमानाचे हवेत, म्हणून तापमान नुसते कमी असून चालत नाही, स्थिर लागते. शून्य सेकंदांचा फोटो, म्हणजे बायस, वेगळ्या कारणाचा. आकडे ऋण होऊ नयेत म्हणून इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुद्दाम एक पाया मिळवलेला असतो, तो मोजून वजा करायचा. पांढऱ्या पडद्याचा फोटो, ज्याला सगळे फ्लॅट म्हणतात, तो पिक्सेलांची कमी-अधिक संवेदना आणि काचेवरच्या धुळीच्या गोल सावल्या घालवण्यासाठी. इथे नवशिके सर्वाधिक गोंधळतात. फ्लॅट काढल्यावर कॅमेरा थोडा जरी फिरवला, फोकस बराच हलवला किंवा फिल्टर बदलला, तर धुळीची सावली दुसरीकडे जाते आणि तो फ्लॅट त्या रात्रीसाठी निरुपयोगी होतो. फ्लॅट फार कमी सेकंदांचेही नकोत, कारण पाकळ्यांचे शटर मध्यभागी आधी उघडते आणि तिथे शेवटी मिटते, त्यामुळे मध्याला किंचित जास्त प्रकाश मिळतो.

कॅमेरा देतो तो आकडा म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या नव्हे. एका एककामागे किती इलेक्ट्रॉन, हे गुणोत्तर प्रत्येक कॅमेऱ्याचे स्वतंत्र मोजावे लागते. जेनेसिक यांनी रूढ केलेली पद्धत आजही वापरात आहे. वेगवेगळ्या तीव्रतेचे फ्लॅट जोडीजोडीने घ्यायचे आणि सरासरीच्या तुलनेत चढउतार कसा वाढतो ते पाहायचे. प्रयोगशाळेत याहून थेट मार्ग आहे. लोह-५५ या किरणोत्सारी द्रव्यातून येणारा क्ष-किरण सिलिकॉनमध्ये सुमारे १६२० इलेक्ट्रॉन सोडतो. तेवढ्या इलेक्ट्रॉनांचा आकडा किती येतो ते पाहिले की झाले. याच किरणाच्या खुणा रांगेच्या दूरच्या टोकाहूनही पूर्ण पोचतात का, हे पाहिले की भार वाटेत किती सांडतो तेही कळते.

देखभाल म्हणजे काय असते, हे हबल या अवकाश दुर्बिणीच्या कॅमेऱ्यांइतके कुठल्या कॅमेऱ्याने शिकवले नसेल. १९९० मध्ये हबलसोबत गेलेल्या पहिल्या मोठ्या कॅमेऱ्यात ८०० गुणिले ८०० पिक्सेलच्या आठ सीसीडी होत्या. त्या मागून खरवडून पातळ केलेल्या होत्या, म्हणजे प्रकाश मागच्या बाजूने आत यावा. पण त्या मागच्या पृष्ठावर इलेक्ट्रॉन अडकत, आणि आधी किती प्रकाश पडला होता यावर पुढची संवेदना अवलंबून राही. मोजमापाच्या यंत्राला याहून वाईट खोड नाही. उपाय म्हणून सेन्सरवर तीव्र अतिनील प्रकाशाचा मारा करायचा ठरले, ज्याने पृष्ठावर ऋण भार बसतो आणि इलेक्ट्रॉन आत ढकलले जातात. त्यासाठी सूर्यप्रकाश आत आणणारी खास नळी यानावर बसवलेली होती. उपाय लागू पडला, पण सेन्सर तापला की तो भार निघून जाई. उलट, सेन्सरसमोरच्या थंड काचेवर साचणारे रेणू उडवायचे तर तापवणे हाच मार्ग. त्यामुळे काच साफ करायची की सेन्सरची संवेदना टिकवायची, एवढाच पर्याय उरला. हबलच्या आरशाचा दोष सगळ्यांना ठाऊक आहे, हा दोष मात्र कॅमेरा सांभाळणाऱ्यांच्याच आठवणीत राहिला.

डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी बसवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात समोरून प्रकाश घेणाऱ्या सीसीडी निवडल्या गेल्या. त्यांची संवेदना कमी होती, पण ती खोड नव्हती. आता तापवायला मोकळीक मिळाली. पुढची पंधरा वर्षे जवळजवळ दर महिन्याला हा कॅमेरा उणे ८८ अंशांवरून सामान्य तापमानापर्यंत नेऊन पुन्हा थंड केला जाई. तापवल्यावर काचेवरचा थर निघून अतिनील प्रकाश पुन्हा पूर्ण येऊ लागे, आणि अवकाशातल्या कणांच्या माऱ्याने बिघडलेले बरेचसे गरम पिक्सेलही दुरुस्त होत. दोन तापवण्यांच्या मधल्या काळातली घट खगोलशास्त्रज्ञ तारखेनुसार हिशोबात धरत. कमी संवेदनेचा, पण नीट सांभाळता येणारा सेन्सर निवडण्याचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

असा तारखेनुसार हिशोब करायचा तर प्रत्येक चित्रासोबत त्याची माहिती हवी. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिट्स या फाइल-स्वरूपाने ती सोय केली. चित्राच्या डोक्यावरच उद्भासनाची वेळ, फिल्टर, सेन्सरचे तापमान अशा नोंदी लिहिल्या जातात. कॅमेरा उभारताना घड्याळ जुळवणे आणि या नोंदी खऱ्या उतरतात का ते तपासणे, हे काम फोकसइतकेच महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात देखभालीचा खरा कस पावसाळ्यात लागतो. वेध बंद असतात, पण ओल बंद नसते. कॅमेरा उतरवून कोरड्या कपाटात ठेवणे, शोषक द्रव्य ताजे करणे, जोडण्यांवर गंज धरला का पाहणे, ही कामे याच महिन्यांत उरकावी लागतात. खिडकीच्या काचेवर धूळ दिसली की पुसायची घाई करू नये. आधी हाताच्या फुग्याने हवा मारावी. सेन्सरला तर हात लावूच नये. धुळीची सावली फ्लॅटने जाते, ओरखडा मात्र कायमचा राहतो.

लडाखमधल्या हान्ले इथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ०.७ मीटर दुर्बीण २०१८ पासून काम करते. तिच्यावरचा १६ मेगापिक्सेलचा सीसीडी कॅमेरा विजेवर थंड होतो आणि वेध यंत्रानेच घेतले जातात, त्यामुळे जुन्या दिनक्रमातली बरीचशी कामे संगणकाच्या यादीत गेली आहेत. सोनी कंपनीने २०१५ मध्ये सीसीडीचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केल्यापासून लहान वेधशाळा सीमॉस सेन्सरकडे वळत आहेत. तिथे भार रांगेने जात नाही, प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा प्रवर्धक असतो. वाचन फार जलद होते, पण सगळ्यांना एकच माप ही सीसीडीची सोय जाते. काही सीमॉस सेन्सरांमध्ये कडेच्या इलेक्ट्रॉनिक्सचा मंद उजेड चित्रात उतरतो, आणि तो वेळेच्या प्रमाणात वाढेलच असे नाही. त्यामुळे एकच लांब अंधाराचा फोटो काढून तो हव्या त्या वेळेसाठी गुणून घेण्याची सीसीडीतली सवय तिथे सोडावी लागते. प्रत्येक उद्भासनासाठी तेवढ्याच वेळेचा, त्याच गेनचा (प्रवर्धनाच्या पातळीचा) आणि त्याच तापमानाचा वेगळा संच काढून ठेवावा लागतो.