रुग्णालय-संलग्नता (आपत्तिग्रस्तांच्या आरोग्य योजनांतील)

आपत्तीतून बचावलेल्यांसाठी शासनाने चालवलेल्या आरोग्य योजनेत रुग्णालयाने वा डॉक्टरने ठरलेल्या दराने उपचार देण्याचा करार करणे. इंदूरच्या मराठी डॉक्टरांच्या बोलण्यात ‘पॅनलवर येणे’.

उगम : तो दोन ठिकाणी दाखवता येतो. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने डॉक्टरांच्या स्थानिक याद्या केल्या. कामगाराने यादीतला डॉक्टर निवडायचा आणि त्या डॉक्टरला माणशी वार्षिक रक्कम मिळायची. भारतात १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत सुरू झाली. मुंबईत ती पोहोचली तेव्हा खाजगी डॉक्टरांची यादी करण्याचा मार्ग पत्करला गेला, आणि गिरणगावातले ‘पॅनल डॉक्टर’ हे ब्रिटिश यादीचेच वंशज. दुसरा धागा १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेचा. तिने पुढे खाजगी रुग्णालयांना मान्यता देऊन शस्त्रक्रियानिहाय दर बांधून दिले. डॉक्टरांच्या यादीपुरता पहिला धागा ग्राह्य आहे. परंतु आजच्या करारातली जागेची पाहणी, दरपत्रक आणि देयकांची छाननी पाहता दुसराच अधिक जवळचा वाटतो. आंध्र प्रदेशातील आरोग्यश्री विमा योजना (२००७) आणि राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना (२००८) हे मधले टप्पे.

आपत्तीनंतरची वाट : भोपाळमध्ये २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूची गळती झाली. तेव्हा करारबद्ध खाजगी रुग्णालयांचे असे जाळे विणले गेले नाही. शासनाने स्वतःची रुग्णालये उभारली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशातून भोपाळ मेमोरियल रुग्णालय निघाले व ते २००० साली सुरू झाले. शहराच्या तेव्हाच्या ५६ पैकी ३६ प्रभाग गॅसबाधित ठरवल्याने हक्क पत्त्याला बांधला गेला. पुढे नोकरी वा लग्नामुळे इंदूर-उज्जैनला गेलेल्यांना ‘गॅस राहत’ (गॅसपीडितांसाठीचे सरकारी) रुग्णालय गाठायचे तर भोपाळचीच वाट धरावी लागते.

न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावरील हल्ल्यातून (११ सप्टेंबर २००१) वाचलेल्यांसाठीची अमेरिकी योजना नेमकी इथेच वेगळी पडते. २ जानेवारी २०११ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या झॅड्रोगा कायद्याने ती निर्माण झाली. २०१५ मध्ये तिची मुदत २०९० पर्यंत वाढवली गेली. न्यूयॉर्क परिसरात विशेष केंद्रे आहेत आणि अमेरिकेत अन्यत्र राहणाऱ्यांसाठी राष्ट्रीय सेवादाता जाळे. या जाळ्यात येणाऱ्या डॉक्टरचा करार जाळे चालवणाऱ्या कंत्राटदार संस्थेशी होतो, मोबदला संघराज्य कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दराने मिळतो, आणि आजार त्या घटनेशी निगडित असल्याचे प्रमाणित झाल्याखेरीज योजनेतून उपचाराचे पैसे निघत नाहीत. बाह्यरुग्ण तपासणी आणि वार्षिक देखरेख हा तिचा कणाच आहे.

प्रक्रिया, मध्य प्रदेशातील : येथे व्यवहारात संलग्नता म्हणजे आयुष्मान भारत योजनेतील (२३ सप्टेंबर २०१८ पासून) नोंदणी. अर्ज ऑनलाइन भरायचा, जिल्हा समिती प्रत्यक्ष पाहणी करते, राज्य समिती निर्णय देते आणि मग करार होतो. सर्वसाधारण रुग्णालयात किमान १० खाटा हव्यात. सर्वसाधारण कक्षात खाटेमागे ८० चौरस फूट जागा अपेक्षित आहे, आणि खरी कुचंबणा इथेच होते. इंदूरच्या जुन्या वस्त्यांत वाडा पाडून बांधलेल्या नर्सिंग होममध्ये जिन्याखालची खाटही धरलेली असते. पाहणीला आलेले पथक टेप लावून मोजू लागले की दहाच्या आठ व्हायला वेळ लागत नाही. १९७३ च्या राज्य उपचर्यागृह (नर्सिंग होम) कायद्याखालचा परवाना, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला आणि जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी ही कागदपत्रे हाताशी असलेली बरी. एकाचीही मुदत संपलेली असली की अर्ज अडकून पडतो. गुणवत्ता-मान्यता असल्यास दरात वाढ मिळते : प्राथमिक मान्यतेस १० टक्के, पूर्ण मान्यतेस १५ टक्के.

मर्यादा : आयुष्मान योजनेचे कार्ड देशभर चालते, त्यामुळे भोपाळच्या रुग्णालयांची पत्त्याची अट इथे उरत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व ज्येष्ठ, उत्पन्नाची अट न ठेवता, तिच्या कक्षेत आले आहेत. गळतीच्या रात्री तिशी ओलांडलेला माणूस आज त्यात बसतो. मात्र ही योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. गॅसपीडिताची दम्यासारखी धाप, डोळ्यांची जळजळ आणि रोजचा इनहेलर हा बाह्यरुग्ण विभागाचा मामला, आणि त्याचा खर्च पॅनलवरच्या रुग्णालयातही रुग्णाच्याच खिशातून जातो. भोपाळच्या गॅस राहत दवाखान्यांत हे उपचार मोफत असतात. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे इंदूरकरांच्या ‘एम. वाय.’मध्ये, सरकारी बाह्यरुग्ण विभाग आहे, पण तिथे गॅसपीडित इतर कोणत्याही रुग्णासारखाच पर्ची काढून रांगेत उभा राहतो.