बिटाच्या लाल रंगाने रक्त वाढत नाही
बीट लाल, म्हणून ते खाल्ल्याने रक्त वाढते, हा समज घरोघरी पक्का आहे. परंतु तो रंग बीटालेन या रंगद्रव्याचा असून त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही, आणि 100 ग्रॅम बिटात लोह 1 मिलिग्रॅमही नसते. तांबड्या पेशी अस्थिमज्जेत (हाडांतील मगजात) तयार होऊन सुमारे 120 दिवस जगतात, आणि त्या किती तयार व्हाव्यात याचा इशारा मुख्यतः मूत्रपिंडातून स्रवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक देते. म्हणूनच सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये काही आठवडे राहिल्यास, विरळ हवेत प्राणवायू कमी मिळून हा इशारा वाढल्यामुळे, त्यांची संख्या वाढते, तर मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात ती घटते. जुलाबांनंतर रक्ततपासणीच्या अहवालात दिसणारी त्यांची वाढ मात्र बहुधा शरीरातील पाणी घटल्याने असते. मूळव्याधीतून सतत रक्त जात असेल किंवा बी-12 कमी असेल, तर पेलाभर बिटाचा रस रोज पिऊनही रक्त कमी होण्याचे मूळ कारण तसेच राहते.