मुखातील लायकेन प्लॅनस : लावण्याच्या औषधांची तुलना

लायकेन प्लॅनस हा त्वचेचा व श्लेष्मल आवरणाचा (तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तरासारख्या आवरणाचा) दीर्घकालीन दाहक विकार असून त्यात शरीराच्याच टी-लसिकापेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) आवरणाच्या तळातील पेशींवर हल्ला करतात. तोंडात तो बहुधा दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या, जाळीदार रेषांच्या रूपाने दिसतो. नुसती जाळी सहसा दुखत नाही आणि तिला उपचारही लागत नाहीत. आवरण झिजून लाल किंवा व्रणयुक्त झाले, की तिखट झोंबू लागते. मिसळ-ठेच्याच्या पुण्यात रुग्ण ही तक्रार ‘सारखं तोंड येतं’ अशी सांगतो आणि ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर पुष्कळदा महिने काढतो.

पहिली निवड स्टेरॉइडची. ०.१ टक्का ट्रायमसिनोलोनचा मुखलेप मध्यम ताकदीचा, तर ०.०५ टक्के क्लोबेटासोल त्याहून बरेच प्रबळ असते; परंतु लाळ दोन्हींना धुऊन नेते, त्यामुळे औषध कोणते यापेक्षा ते जागेवर किती वेळ टिकते हे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरते. म्हणून जागा कोरडी करून, जेवणानंतर व झोपताना, न चोळता पातळ थर लावावा आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. हिरड्यांवरच्या व्रणांसाठी दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये जेल भरून तो बसवतात. विकार तोंडभर पसरला असेल, तर बीटामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी पाण्यात घालून चुळा भराव्यात. ते पाणी गिळू नये. स्टेरॉइडच्या वापरात तोंडात बुरशी वाढू शकते, तेव्हा बुरशीनाशक जोडावे लागते.

स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या व्रणांसाठी टॅक्रोलिमस या रोगप्रतिकार दाबणाऱ्या औषधाचे मलम वापरतात. ते लावताना आग होते आणि थांबवल्यावर व्रण बहुधा परततात. शिवाय २००६ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यावर कर्करोगाच्या संभाव्य जोखमीची ठळक सूचना छापायला लावली. २०२० च्या कॉक्रेन समीक्षेनुसार (अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा) वेदना घालवण्यात ते स्टेरॉइडपेक्षा सरस असू शकते, मात्र हा पुरावा कच्चा आहे. सायक्लोस्पोरिन या तशाच रोगप्रतिकार दाबणाऱ्या औषधाच्या चुळा महाग, चवीला वाईट आणि परिणामात स्टेरॉइडपेक्षा सरस न ठरलेल्या.

सुमारे एक टक्का रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो, त्यामुळे बायोप्सी करून निदान पक्के करणे व नियमित तपासणी आवश्यक असते. पान-तंबाखूचा तोबरा ज्या गालात धरला जातो, तिथेच अशाच रेषा उमटतात. तो सोडल्यावर त्या बहुधा विरतात, आणि तो सुरू असेपर्यंत मलमाचा फारसा उपयोग होत नाही.