शिसपेन्सिलने डोंगररांगा काढताना

शिसपेन्सिलमध्ये शिसे नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र करून भट्टीत भाजली की तिची कांडी तयार होते. माती जास्त असेल तर कांडी कडक आणि रेघ फिकी (एच). ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि गडद (बी). अक्षराआधीचा आकडा मोठा, तितका तो गुण जास्त; एचबी दोन्हींच्या मधली. सह्याद्रीसारख्या एकामागे एक उभ्या रांगांत अंतर दाखवायचे ते याच फरकाने.

सर्वांत मागची रांग २एचने, पेन्सिल आडवी धरून, हलक्या हाताने भरा. तिच्यात झाड नको, कडा नको. मधल्या रांगेला एचबी किंवा २बी. इथे बेसॉल्टचे आडवे थर दिसू लागतात. ते रेघ ओढून न दाखवता प्रत्येक थराखालच्या सावलीने दाखवा. पुढचा कातळ आणि करवंदीच्या जाळ्या ४बी ते ६बीने. रांगेचा माथा गडद ठेवून पायथ्याकडे छटा विरवत नेली की दरीत धुके दिसते. त्या जागी कागद कोराच सोडा. खोडून काढलेला पांढरा तेवढा स्वच्छ येत नाही.

‘६बी कितीही घासली तरी काळे होत नाही, नुसते चकाकते’ ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. ग्रॅफाइटचे कण चपटे असतात. दाब दिला की ते आडवे बसतात आणि उजेड परावर्तित करतात. शिवाय खाली कडक पेन्सिल दाबून फिरवली असेल, तर कागदाचा खरखरीतपणा चेपला जातो आणि वर मऊ पेन्सिल चढत नाही. म्हणून गडद जागी सुरुवातच मऊ पेन्सिलने करा: तीन-चार हलके थर, दर थराला दिशा बदलून. कोळशाचा काळा रंग ग्रॅफाइटकडून मागू नका.

गवतासाठी, शाई संपलेल्या बॉलपेनने आधी कोऱ्या कागदावर पाती दाबून काढा, मग त्यावरून ४बी आडवी फिरवा. खाचा पांढऱ्या राहतात. छटा बोटाने पसरवू नका, त्वचेच्या तेलाचे डाग पडतात. कागदी स्टंप (घट्ट गुंडाळलेल्या कागदाची टोकदार कांडी) वापरा.

कागद किंचित खरखरीत, १५० ते २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) घ्या. पावसाळ्यात तो ओल धरून मऊ पडतो आणि २एचचे टोक त्यात रुतते, म्हणून वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. फिक्सेटिव्ह (चित्र पुसले जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) हवेशीर जागी, सुमारे ३० सेंमीवरून, दोन हलक्या हातांत मारा. दमट हवेत त्याची पांढुरकी झाक येऊ शकते, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट पाहा.