डिस्प्लेपोर्ट आणि डिस्प्लेलिंक: नावं जुळी, नातं काही नाही

लिनक्सला चालेल असा मॉनिटर कोणता, असं कोणी विचारलं की उत्तरांची रांग लागते. एक म्हणतो आयपीएस पॅनेलचाच घ्या. दुसरा म्हणतो अमुक कंपनीचा नको, लिनक्सवर रंग फिके दिसतात. तिसरा कंपनीच्या साइटवरचा ‘मॉनिटर ड्रायव्हर’ उबंटू या लिनक्सच्या अवतारात कसा टाकायचा ते शोधत बसलेला असतो. यातलं काहीही कामाचं नाही. मॉनिटरला तुमची ऑपरेटिंग सिस्टीम कळत नाही. जोडल्याबरोबर तो स्वतःची ओळख सांगणारा एक छोटा तक्ता पाठवतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. कंपनी, मॉडेल, रिझोल्यूशन, किती हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं), सगळं त्यात असतं. लिनक्स तो वाचतं आणि कामाला लागतं. साइटवरचा तो ‘ड्रायव्हर’ म्हणजे विंडोजला नाव आणि रंगांची माहिती देणारी चिमुकली फाइल. ती विसरा.

पॅनेल आयपीएस की व्हीए, पडदा सपाट की वाकडा, हे डोळ्यांनी आणि खिशाने ठरवा. एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट? दोन्ही चालतात. मी डिस्प्लेपोर्टची केबल घेतो, आणि एएमडीचं ग्राफिक्स असेल तर तुम्हीही घ्या. एएमडीला आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायचं होतं, पण २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने त्याला नकार दिला. ४के ६० हर्ट्झपर्यंत याने काही बिघडत नाही. १२० हवे असतील तर डिस्प्लेपोर्टच बरा. आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: २७ इंच, १४४०पी. इंचाला साधारण १०९ पिक्सेल पडतात, अक्षरं १०० टक्क्यांवर नीट वाचता येतात आणि अक्षरं दीडपट मोठी करण्याच्या, म्हणजे स्केलिंगच्या, भानगडीत पडावं लागत नाही. २७ इंचाचा ४के घेऊन मग काही ॲप धूसर दिसतात म्हणून लिनक्सला नावं ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

खरा घोळ यूएसबी-सीचा आहे. हिंजवडी-खराडीत निम्मी मंडळी लॅपटॉपवर काम करतात. त्यांना एकच केबल हवी असते, तीतून चित्रही जावं आणि चार्जिंगही व्हावं. बुधवार पेठेत विचारा नाहीतर ऑनलाइन शोधा, समोर दोन प्रकारच्या वस्तू येतात. एकीवर लिहिलेलं असतं ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, दुसरीवर ‘डिस्प्लेलिंक’. दुकानदार म्हणतो, “अहो साहेब, एकच ते. सी टाइप आहे ना? मग चालणार.” एकच नाही ते. विंडोजवर हा फरक झाकला जातो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लिनक्सवर तो पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

डिस्प्लेपोर्ट हे व्हेसा या संस्थेचं मानक आहे, २००६ पासूनचं. यूएसबी-सीच्या केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात, त्यांना लेन म्हणतात. २०१४ मध्ये ठरलेल्या ऑल्ट मोडमध्ये लॅपटॉप आणि मॉनिटर आपसात बोलून यातल्या दोन किंवा चारही लेन डिस्प्लेपोर्टच्या ताब्यात देतात. त्यानंतर त्या तारांवरून जे वाहतं ते यूएसबी नसतंच. ग्राफिक्स चिपमधून निघालेला अस्सल डिस्प्लेपोर्टचा सिग्नल असतो, फक्त दार यूएसबी-सीचं. त्यामुळे कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तो नेहमीसारखा डीपी-१ किंवा डीपी-२ दिसतो. इंटेल असो वा एएमडी, जो ड्रायव्हर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा चालवतो तोच हाही चालवतो. वेगळं काही बसवावं लागत नाही.

डिस्प्लेलिंक हे मानक नाही. ते एका कंपनीचं तंत्र आहे, आणि २०२० पासून ती कंपनी सिनॅप्टिक्सच्या मालकीची आहे. यात ग्राफिक्स चिप मॉनिटरशी बोलतच नाही. चित्र आधी मेमरीत तयार होतं, प्रोसेसर त्यातला बदललेला भाग उचलतो, दाबून लहान करतो आणि पेनड्राइव्हला फाइल पाठवावी तसा यूएसबीचा डेटा म्हणून पाठवतो. पलीकडे डॉकमध्ये (एका केबलवर अनेक पोर्ट देणाऱ्या पेटीत) किंवा मॉनिटरमध्ये बसलेली डिस्प्लेलिंकची चिप तो उलगडून पडद्यावर मांडते. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या भाषेत सांगायचं तर ऑल्ट मोड म्हणजे महापालिकेची लाइन आणि डिस्प्लेलिंक म्हणजे टँकर. पाणी दोन्हीकडून येतं, पण टँकरला ड्रायव्हर लागतो.

आणि हा ड्रायव्हर लिनक्सबरोबर येत नाही. त्याचे दोन तुकडे आहेत. एक ईव्हीडीआय नावाचं कर्नेल मोड्यूल, म्हणजे कर्नेलला जोडायचा तुकडा: ते खुलं आहे, पण मुख्य कर्नेलमध्ये नाही. दुसरा डिस्प्लेलिंक मॅनेजर, जो चित्र दाबण्याचं खरं काम करतो. तो बंद आहे, आत काय चालतं ते कोणी बघू शकत नाही. कंपनी अधिकृतपणे उबंटूपुरतं बघते. बाकी डिस्ट्रोंसाठी, म्हणजे लिनक्सच्या इतर अवतारांसाठी, उत्साही लोक पॅकेजं करतात, त्यांचे आभार.

याचे परिणाम काय होतात ते नीट सांगतो, कारण ‘ड्रायव्हर टाकला की झालं’ हे वाक्य ऐकून मी कंटाळलो आहे. कर्नेल बदललं की ईव्हीडीआय पुन्हा बांधावं लागतं. डीकेएमएस नावाचं साधन ते आपोआप करतं, पण नव्या कर्नेलमध्ये आतलं काही बदललं असेल आणि ईव्हीडीआयची नवी आवृत्ती अजून आली नसेल, तर बांधणी फसते. मग सोमवारी सकाळी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगच्या आधी बाहेरचा मॉनिटर काळा. उबंटू एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नव्या हार्डवेअरसाठी त्यातही मधूनमधून नवं कर्नेल येतं. फेडोरा किंवा आर्च असेल तर हा प्रसंग जास्त वेळा येणार. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू असेल तर मोड्यूलवर स्वतःच्या किल्लीची सही लागते आणि ती किल्ली बूट होताना मशीनला एकदा कबूल करून घ्यावी लागते. ती कबुली विचारणाऱ्या निळ्या पडद्यावर अनेक जण घाईत पुढे जातात आणि मग ‘सगळं बरोबर केलं तरी चालत नाही’ म्हणतात.

बायोस, ग्रब (सुरुवातीला सिस्टीम निवडायचा मेनू), एनक्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड विचारणारी पाटी, यातलं काहीच डिस्प्लेलिंकच्या पडद्यावर येत नाही, कारण तोवर तो मॅनेजर सुरूच झालेला नसतो. लॅपटॉप मिटून कपाटात ठेवायचा आणि बाहेरच्या मॉनिटरवर काम करायचं, असा तुमचा बेत असेल तर तो इथेच संपला. पडद्यावर जितकी हालचाल तितकं प्रोसेसरला काम. टर्मिनल आणि ईमेलला कळणारही नाही, पण पूर्ण पडद्यावर व्हिडिओ लावा आणि पंखा ऐका.

खोक्यावर ‘क्रोमओएसला चालतं’ असं असतं आणि कोणीतरी हुशार म्हणतो, क्रोमओएस म्हणजे लिनक्सच, मग आपल्यालाही चालेल. नाही हो. गूगलने डिस्प्लेलिंकची सोय आपल्या सिस्टीममध्ये आधीच घालून दिली आहे, तुमच्या डेबियनमध्ये ती कोणी घातलेली नाही. उलटा एक अपवाद मात्र आहे: यूएसबी २ च्या काळातल्या जुन्या डिस्प्लेलिंक चिपांसाठी यूडीएल नावाचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे. त्या चालतात, पण इतक्या सावकाश की त्यासाठी कोणी पैसे मोजू नयेत.

ओळखायचं कसं? पहिली खूण साधी आहे. जी वस्तू जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टमधून चित्र देते म्हणून सांगतात, ती ऑल्ट मोडवर चालूच शकत नाही, त्या पोर्टमध्ये तशी सोयच नाही. ती डिस्प्लेलिंक असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखादी अनोळखी स्वस्त चिप. त्यांच्यापुढे डिस्प्लेलिंक परवडलं, त्याला निदान ड्रायव्हर तरी मिळतो. काही वस्तू दुतोंडी असतात. आसुसचा एमबी१६एसी हा पोर्टेबल मॉनिटर यूएसबी-सीने जोडला तर ऑल्ट मोडवर चालतो, यूएसबी-एच्या अडॅप्टरने जोडला तर डिस्प्लेलिंकवर. डॉकच्या बाबतीत दिसण्यावर जाऊ नका. डेलचा डी६००० आणि डब्ल्यूडी१९ दोन्ही काळे, चपटे, यूएसबी-सीचे. पहिला डिस्प्लेलिंक, दुसरा ऑल्ट मोड. ऑफिसने काढून टाकलेला डॉक स्वस्तात मिळाला तर आधी मॉडेल नंबर बघा. हातात आलेली वस्तू तपासायची तर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा चालवा. कंपनीच्या क्रमांकाच्या जागी १७ई९ (17e9) दिसलं की ते डिस्प्लेलिंक. आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे उबंटू किंवा फेडोराच्या लाइव्ह (डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून मॉनिटर जोडणं. काहीही न बसवता चित्र आलं तर घ्या. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

ऑल्ट मोडचीही कटकट आहे, पण ती एकदाच निस्तरावी लागते. एक म्हणजे लॅपटॉपच्या पोर्टमध्ये तो असायला हवा. पोर्टशेजारी विजेचं चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, किंवा डीपीचं चिन्ह असेल तर तो आहे. काहीच चिन्ह नसेल तर कंपनीचं माहितीपत्रक वाचा. लॅपटॉप त्या पोर्टमधून चार्ज होतो म्हणून चित्रही जाईल असं मुळीच नाही. दुसरं, लेनची वाटणी. मॉनिटरच्या यूएसबी पोर्टना वेगवान डेटा हवा असेल तर दोन लेन तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने, म्हणजे एका लेनवर सेकंदाला ५.४ गिगाबिट, दोन लेनमध्ये ४के फक्त ३० हर्ट्झवर बसतं. माउस ओढल्यासारखा चालतो आणि दोष वेलँडला, म्हणजे लिनक्सवर पडदा मांडणाऱ्या व्यवस्थेला, मिळतो. बऱ्याच मॉनिटरच्या मेनूत यासाठी जास्त रिझोल्यूशन की जास्त डेटा असा पर्याय असतो, तो बदला. लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांनाही ८.१ गिगाबिटचा वेग जमत असेल तर दोन लेनमध्येही ४के ६० हर्ट्झवर जातं. १४४०पी ६० हर्ट्झला हा प्रश्नच येत नाही. म्हणून वर ते मत ठाम म्हटलं.

मग डिस्प्लेलिंक घ्यायचंच नाही का? लॅपटॉपमध्ये ऑल्ट मोड नाही, एचडीएमआयचं एकच भोक आहे आणि ते आधीच भरलेलं आहे, पडदा आणखी एक हवा आहे आणि त्यावर फक्त लॉग किंवा कागदपत्रं उघडी ठेवायची आहेत, तर घ्या, चालेल. एचडीएमआय मोकळं असेल तर मात्र आधी ते वापरा आणि चार्जर वेगळा लावा. एका जास्तीच्या केबलची लाज वाटायचं कारण नाही.

राहता राहिली केबल. मॉनिटरच्या खोक्यातली यूएसबी-सी केबल जपून ठेवा. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक केबलींमध्ये त्या वेगवान जोड्या घातलेल्याच नसतात, यूएसबी २ पुरत्याच तारा असतात. ती लावली तर मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो, लॅपटॉप मात्र मजेत चार्ज होत राहतो, म्हणून केबलवर कोणाचा संशय जात नाही. डिस्ट्रो बदलायच्या आधी ती बदलून बघा.